फवारणीनंतरची चक्कर अंगावर काढू नका

आपला धाकटा भाऊ रोजंदारीने कपाशीवर फवारणी करतो, संध्याकाळी त्याला गरगरते, डोळ्यांपुढे धुरकट दिसते आणि रात्रभर झोप झाली की बरे वाटते, असे आपण लिहिले आहे. तोंडाला रुमाल बांधत असूनही विषबाधा कशी होईल आणि दोन दिवसांनी त्याने पुन्हा पंप उचलावा का, हे आपले दोन प्रश्न आहेत. विदर्भातील ग्रामीण रुग्णालयात असे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून आधी उत्तर देतो: तपासणी होईपर्यंत त्याने फवारणी पूर्ण बंद ठेवावी.

रुमालामुळे नाकातोंडात जाणारे तुषार थोडे अडतात, परंतु फवारणी करणाऱ्याच्या अंगात बहुतांश विष कातडीवाटे शिरते. सर्वांत धोक्याची वेळ औषध कालवण्याची असते, कारण तेव्हा हाताला लागते ते पाणी न मिसळलेले, तीव्र द्रावण. त्यानंतर पाठीवरचा पंप पाहा. झाकणाचे वायसर झिजलेले असेल, तर चालताना द्रावण हिंदकळून पाठीवर सांडते, कमरेवरून खाली ओघळते आणि चड्डी भिजून दिवसभर अंगाला चिकटून राहते. जांघेतील व अंडकोषावरील कातडी अतिशय पातळ असते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या प्रयोगांत कोपर ते मनगट यांमधल्या कातडीच्या तुलनेत अंडकोषावरील कातडीतून सुमारे 12 पट विष शोषले गेल्याचे आढळले होते. घामाने भिजलेल्या अंगात ते आणखी सहज शिरते. रुमालही एकदा ओला झाला की तेच विष तोंडाशी धरून ठेवतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके आहेत. आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना संदेश देणारे एक रसायन असते आणि काम झाल्यावर ते मोडून टाकण्यासाठी शरीरात कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ही औषधे नेमके तेच विकर निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, जुलाब, छातीत कफ, स्नायू फडफडणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, ही सारी लक्षणे त्यातूनच उद्भवतात. चक्कर आणि घाम ऊन लागल्यानेही येतो, पण ऊन लागल्याने बाहुल्या सावलीतही अशा बारीक राहत नाहीत. मात्र त्या बारीक नसल्या म्हणून विषबाधा नाही, असेही समजू नये.

सकाळी बरे वाटते यावर मुळीच विसंबू नका. लक्षणे ओसरली तरी तांबड्या पेशींतील हे विकर दिवसाला साधारण 1 टक्का एवढ्याच संथ गतीने भरून येते. आठवडाभर रोज थोडेथोडे विष अंगात गेले, तर पातळी गुपचूप खाली येत जाते आणि एरवी सोसला असता एवढ्याशा फवाऱ्याने माणूस अचानक कोसळतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशीची झाडे) डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा छाती-चेहऱ्याच्या उंचीवर उडत होता. वर दमट उष्मा, जोरकस पंप आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची पद्धत. या माणसांना निष्काळजी ठरवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते, कारण विदर्भाच्या त्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर पंप ओढणे कोणालाही शक्य नाही, आणि मजुराला तो पोशाख देतो तरी कोण?

भावाला आज साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ घालावी, केस व नखेही धुवावीत, फवारणीचे कपडे घरातील कपड्यांपासून वेगळे आणि हातमोजे घालून धुवावेत. उद्या रुग्णालयात जाताना औषधाच्या बाटल्या किंवा त्यांवरील माहितीपत्रके सोबत न्यावीत. अॅट्रोपिन आणि पॅम हे उतारे ऑर्गॅनोफॉस्फेटवर उपयोगी पडतात; सायपरमेथ्रिन किंवा डायफेन्थियुरॉनसारख्या दुसऱ्या गटांतील कीटकनाशकांवर तसा नेमका उतारा नाही, म्हणून नाव कळणे आवश्यक असते. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी आग्रहाने मागावी. दम लागला, लाळ गळू लागली किंवा भान हरपू लागले, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी न्या. तीव्र विषबाधेत शुद्धीवर आलेल्या रुग्णाचे मान व श्वासाचे स्नायू 1 ते 4 दिवसांनी पुन्हा दुबळे पडू शकतात, त्यामुळे बरा दिसतो म्हणून डॉक्टरांना न विचारता घरी आणू नका.

पातळी कमी निघाली, तर दोन दिवसांचीच काय, काही आठवड्यांची विश्रांती लागेल आणि ती फेरतपासणीनेच ठरेल. मजुरी बुडण्याची आपली चिंता मला समजते. शेतमालकाशी बोलून भावाला गोठ्यातील किंवा फवारणी न झालेल्या शेतातील काम मागून घ्या. नुकत्याच फवारलेल्या पऱ्हाटीत निंदणीलाही पाठवू नका, कारण ओल्या पानांवरचे औषध पुन्हा त्याच्या कातडीला लागेल.