शेवटचं कुठं होतं?

एका वाचक लेकीचं पत्र, थोडं आखडून:

"मावशी, माझे वडील 79 वर्षांचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, दादा सात वर्षांचा. अण्णा तीन वर्षांपासून माझ्याकडे पुण्यात आहेत. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. गेल्या चार महिन्यांत दोनदा पहाटे कडी काढून निघून गेले. एकदा हडपसरच्या गाडीतळावर सापडले, एकदा पंधरा नंबर चौकाच्या पुढे. दोन्ही वेळा खांद्यावर टॉवेल आणि हातात पितळी तांब्या. 'घरी जायचंय' एवढंच म्हणतात. उन्हाळ्यात पाणी हटलं की आमच्या जुन्या घराचा चौथरा उघडा पडतो म्हणे. तिथं एकदा न्यावं का? पण तिकडची वाट, ट्रॅक्टर, नव्या गावठाणातलं घर, सगळं दादाकडे, आणि दादाशी माझं नऊ वर्षं बोलणं नाही. अण्णांना इकडं आणलं तेव्हाही मध्ये चुलतभाऊ होता. आईच्या दहाव्याला दादाने हक्कसोडीचा विषय काढला. आईच्या नावावर अडीच एकर आहे. माझा तोल गेला. सगळ्या भावकीसमोर बोलले, 'आईच्या औषधाचे पैसे वाचवून तू बोअर मारलास.' चार वर्षांनी कळलं की दवाखान्यासाठी त्याने दोन म्हशी विकल्या होत्या. आता मीच माघारी फिरायचं का? फिरले तर जमिनीवरचा हक्क सोडल्यासारखं होईल ना?"

बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तांब्यावर अडकले. पण त्याच्याकडे नंतर येते.

आधी अण्णांचं. "सापडले" असं तू लिहिलं आहेस, जणू ते हरवले होते. गाडीतळ आणि पंधरा नंबर एका ओळीत ठेवून बघ. दोन्ही सोलापूर रस्त्यावर. म्हातारा माणूस अंधारात घरातून निघतो आणि पुण्याच्या त्या गर्दीतून बरोबर आपल्या गावाच्या रस्त्याला लागतो. दिशा त्यांना पक्की ठाऊक आहे. मध्ये किती वर्षं आणि किती पाणी आहे, तेवढं पुसलं गेलंय. पुढचं पाठ, मागचं सपाट म्हणतात ना, त्यांचं नेमकं उलटं झालंय.

म्हणून त्यांच्याशी "अण्णा, ते गाव आता नाही" असा वाद घालू नकोस. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं, आणि दर वेळी गाव नव्याने बुडतं. "घरी जायचंय" म्हणाले की "कोण कोण आहे घरी?" असं विचार. बोलू दे. दाराची कडी वर, नजरेच्या टप्प्याबाहेर बसव. तुझा फोन नंबर कापडी पट्टीवर लिहून सदऱ्याच्या आतून शिवून टाक. चिठ्ठी खिशातून पडते, शिवलेलं पडत नाही. रोज सकाळी मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढून ठेव, म्हणजे अंगात कोणते कपडे होते ते पोलिसांना सांगताना आठवावं लागणार नाही. निघून गेलेच तर आधी शेजारीपाजारी शोधण्यात तास घालवू नकोस, लगेच 112 लाव. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही फोनमध्ये ठेव, तुझ्या स्वतःच्या अडचणींसाठीसुद्धा. तीन वर्षं एकटीने सांभाळतेस, पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

आता ते जुनं गाव. मी एकदा मे महिन्यात पळसदेवचं पाण्यातलं देऊळ बघायला गेले होते. भिगवण ओलांडलं, महामार्गावरून आत वळलं की थोड्याच वेळात रस्ता संपतो आणि गाळ सुरू होतो. वरून तो वाळलेला, तळहाताएवढ्या खापऱ्या होऊन फुटलेला दिसतो. पायाखाली शिंपले कुरकुरतात, चिलापी माशांचा वास येतो, बाभळींचे काळे खुंट उभे असतात. आणि मध्येच एक उंबरा. घर नाही, भिंत नाही, नुसता दगडी उंबरा, मध्यभागी पायांनी झिजलेला. माझ्याबरोबरच्या बाईंनी चपला काढल्या आणि तो ओलांडला. कुणी काही बोललं नाही.

तेव्हा न्यावंसं का वाटतं ते मला कळतं. पण त्या भरवशावर राहू नकोस. धरण 1980 मध्ये पुरं झालं, तेव्हापासून पाणी आपल्या सोयीने हटलेलं नाही. एकूण साठा 117 टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. गाव दिसायचं तर उजनी मायनसमध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्यात, तीही चांगली खोल जावी लागते. 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. 2025 मध्ये मात्र मे महिन्यातच पावसाने बारामती-इंदापूर झोडपलं. पुढच्या मेमध्ये काय होईल, आणि तोवर अण्णांना काय आठवत असेल, दोन्ही कुणाच्या हातात नाही. शिवाय 79 वर्षांच्या माणसाला त्या गाळात चालवणं सोपं नाही. वर पापुद्रा, खाली लोणी. जाणत्या माणसाशिवाय पाय टाकायचा नाही. आणि होडीचा विचार तर सोडूनच दे. 2024 च्या मेमध्ये कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले, ते तुझ्याही वाचनात आलं असेल.

आता तांब्या. टॉवेल, तांब्या आणि पहाटेची वेळ. अगं, या तयारीने माणूस घरी जात नाही, घरून निघतो! मला वाटतं, अण्णा चौथरा शोधत नाहीत. ते आंघोळीला निघालेत. नदीवर. तीस वर्षांचे होईपर्यंत रोज पहाटे जिथं गेले तिथं. माझं चुकतही असेल. दादाला विचार, तो सांगेल. तुमच्या घरात त्या वाटेवरून स्वतःच्या पायांनी चाललेला दुसरा माणूस तोच आहे. तू कडेवर होतीस. तुला गाव आईच्या बोलण्यातून मिळालं, त्याला पायाखालून. सात वर्षांचं पोर बापामागून नदीवर जायचंच. कुठून उतरायचे, कोणता दगड, कपडे कुठं ठेवायचे, ते आज फक्त त्यालाच ठाऊक असणार. तू ट्रॅक्टरसाठी दादा हवा म्हणतेस. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो गं.

माझा अंदाज खरा असला तर उन्हाळ्याची वाट बघायचं कारणच उरत नाही. चौथरा पाण्याखाली आहे, पण नदी तर आता घराच्या जवळ आली आहे. तुम्हा धरणग्रस्तांच्या कितीतरी नव्या गावठाणांतून पाणी दिसतं. पाऊस बरा झालेला असला तर हिवाळ्यात ते भरलेलं असतं.

तर मग दादा.

मी अकरा वर्षांची असताना आडावरून पाणी आणताना कानातली कुडी पाडली. सोन्याची, आजीची. रडत घरी आले. आईने मारलं नाही, विचारलं, "शेवटची कधी होती? कुठं होती?" मी म्हटलं, आडावर होती, वाकले तेव्हा पाण्यात दिसली होती. मग मी वाटभर खाली बघत पळत सुटले, दोनदा गेले-आले, नाही सापडली. आईने घागर पुन्हा भरायला लावली आणि म्हणाली, "आता ही कमरेवर घे आणि मघाशी चाललीस तशी चाल." भरल्या घागरीने माणूस वेगळा चालतो. कुंपणाच्या कवाडीपाशी मला डावीकडे कलावं लागलं, तिथं बोराटीचा फाटा कानाला लागला. कुडी त्याच्या बुडाशी होती. दोनदा रिकाम्या हाताने मी त्या फाट्याला वळसा घालून गेले होते.

तू नऊ वर्षं रिकाम्या हाताने त्या वाटेने ये-जा करते आहेस. पत्रात हक्कसोड आहे, बोअर आहे, म्हशी आहेत, चुलतभाऊ आहे. शेवटचं बरं कुठं होतं? मला दिसतं ते असं. दादाने दहाव्याला विषय काढला, ते वाईट केलं, पण तिथवर भांडण होतं. भावंडं भांडतात. तुटलं ते तुझ्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य खोटं होतं हे तुला पाच वर्षं झाली ठाऊक आहे. तेवढं एक पाऊल तुला मागे घ्यायचंय. अख्खी वाट नाही.

हक्काचं पाऊल मागे घेऊ नकोस. आईच्या नावची जमीन, तिने मृत्युपत्र केलं नसेल तर, अण्णा, दादा आणि तू, तिघांना सारखी येते. हे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर नाही, कायद्याने आहे. वारसनोंद झाली आहे का ते सातबाऱ्यावर आधी बघून घे. हक्कसोड द्यायची की नाही ते तू वर्षाने ठरव, दोन वर्षांनी ठरव, वकिलाला विचारून ठरव. ती नोंदणी करूनच होते, चुलीपाशी बोलून होत नाही, त्यामुळे भावनेच्या भरात जमीन जाईल ही भीती ठेवू नकोस. आणि अण्णांची सही किंवा अंगठा आता कोणत्याही कागदावर कुणीही घ्यायचा नाही. दादाने नाही, तूही नाही.

माफी मागताना जमिनीचा ज सुद्धा काढू नकोस. त्याने काढला तर म्हण, "ते आपण नंतर बसून बोलू, आज मी त्यासाठी आले नाही." "मी चुकले, पण तूसुद्धा" असं वाक्य जिभेवर येईल. तो "पण" गिळ. तो बाहेर पडला की पहिले पाढे पंचावन्न.

फोनवर नको, जा. सणाला मुळीच जाऊ नकोस. लोक मला लिहितात, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ का, भाऊबीजेला जाऊ का. सणाला घर माणसांनी भरलेलं असतं, ओवाळणीचं ताट मध्ये येतं, सगळे गोड बोलतात आणि संध्याकाळी होतं तसंच असतं. साध्या बुधवारी जा. उसाला रात्रीची लाइट असेल तर दादा पहाटेपर्यंत पाण्यावर असणार, म्हणून सकाळी लवकर जाऊन त्याची झोप मोडू नकोस. अकराच्या पुढे पोच. आधी वहिनीला भेट. नऊ वर्षांत तिच्या वाट्याला काय काय आलं असेल ते तू पत्रात धरलेलंच नाहीस. त्या म्हशींच्या धारा कोण काढत होतं?

काय बोलायचं ते मी लिहून देते, तुला हवं तसं बदल: "दादा, आईच्या दहाव्याला मी औषधाच्या पैशांवरून बोलले ते खोटं होतं. म्हशींचं मला नंतर कळलं. कळल्यावरही पाच वर्षं मी आले नाही, ते जास्त वाईट केलं."

हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. बहुतेक जण पहिल्या चुकीची माफी मागतात आणि तिच्यावर बसून राहिल्याची मागतच नाहीत.

आणखी एक काम आहे, ते तुला आवडणार नाही. तू बोललीस भावकीसमोर, माफी मागणार स्वयंपाकघरात. हा हिशेब जुळत नाही. गावात ते वाक्य नऊ वर्षं फिरलं असेल, कुणीतरी दादाला पारावर ऐकवलंही असेल. त्या दिवशी घाटावर असलेल्यांपैकी दोन-तीन जाणती माणसं हयात असतील. त्यांच्या घरी जा, चहा घे आणि सांग की तेव्हा मी बोलले ते खरं नव्हतं. दादाला बरोबर नेऊ नकोस, त्याला सांगूही नकोस. त्याच्या कानावर जातंच.

तो पहिल्या भेटीत बोलेलच असं नाही. उठून गोठ्याकडे जाईल कदाचित. जाऊ दे. तू जेवून नीघ, वाढलं तर. नाही वाढलं तर पाणी पिऊन नीघ. पंधरा दिवसांनी अण्णांचं निमित्त करून फोन कर आणि एवढंच विचार, "अण्णा नदीवर जायचे ते कुठून उतरायचे, तुला आठवतं का?" मला वाटतं, या प्रश्नाला तो उत्तर देईल. नाही दिलं तर मला पुन्हा लिही, तेव्हाचं तेव्हा बघू.

अण्णांना नेशील तेव्हा पहाटे पोचायचा हट्ट नको, ऊन वर आल्यावर न्या. पाणी जिथं उथळ आणि काठ दगडी आहे अशी जागा दादा आदल्या दिवशी बघून ठेवेल. घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, दोन्ही बाजूंनी हात धरा. आणि ते पाणी त्यांच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या. मुळा-मुठेचं सगळं भीमेत आणि भीमेचं उजनीत, म्हणजे आपल्या पुण्याचंच ते. डोक्यावरून आंघोळ घालायची तर घरून बादलीभर कोमट पाणी न्या. त्यांनी कदाचित गाव ओळखलं नाही, नदी ओळखली नाही, दादालाही ओळखलं नाही, तरी तिथं रडू नकोस, निदान त्यांच्यासमोर.

आणि तांब्या तोच ने. तो घासून चकचकीत करू नकोस.

— मावशी