'पायोमायोसायटिस'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की रिपोर्टवर 'पायोमायोसायटिस' लिहिलंय, डॉक्टर म्हणाले स्नायूत पू झालाय, हिंदीत शोधलं तर 'मांसपेशी' येतंय आणि घरातले म्हणतात सेप्टिक झालं म्हणजे आता गँग्रीन होणार, तर नेमका मराठी शब्द कुठला आणि हे सगळं एकच आहे का.

एकच नाही, अजिबात नाही. आधी शब्द फोडू. 'पायो' म्हणजे पू, आणि हा ग्रीक शब्द आपल्या 'पू'चा चुलतभाऊच लागतो, संस्कृत 'पूय'वरून आपला पू आला आणि दोघांच्या मागे सडणे-कुजणे या अर्थाचं एकच जुनं मूळ आहे. 'मायो' म्हणजे स्नायू, 'आयटिस' म्हणजे दाह, परिभाषेत शोथ. (जाता जाता, या 'मायो'चा मूळ ग्रीक शब्द उंदरालाही वापरतात आणि आपला मूषक त्याच घराण्यातला. त्यांना कातडीखाली उंदीर हलताना दिसला, आपल्याला दंडात बेडकुळी दिसली!)

जोडून 'पूयस्नायुशोथ' होतो, व्याकरणाला धरून आहे पण दवाखान्यात कुणाला सांगितलात तर समोरचा बघतच राहील. मी 'स्नायूतलं गळू' म्हणेन. करट, केसतोड हे सगळे कातडीचे शब्द आहेत, गळू त्यातल्या त्यात ऐसपैस.

'मांसपेशी'चा घोळ मात्र खरा आहे. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी सांगितल्यात आणि ९०० स्नायू, त्याची पेशी म्हणजे आपला आजचा स्नायू आणि त्याचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर, अस्थिबंध वगैरे. हिंदीने जुनी पेशी तशीच ठेवली, मराठीने पेशी 'सेल'ला देऊन टाकली आणि स्नायू 'मसल'ला. त्यामुळे हिंदीवरून उचललेलं 'मांसपेशींचा संसर्ग' मराठीत वाचलं की माणूस सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींवर जातो. मराठीत स्नायूच म्हणा.

आता 'गळू' म्हणण्यातली अडचण. गळू म्हटलं की आपल्याला लाल झालेलं, ठसठसणारं, तोंड धरलेलं काहीतरी दिसतं. स्नायूतलं गळू खोल असतं, वर आवरण असतं, त्यामुळे सुरुवातीला कातडी बऱ्याचदा नेहमीसारखीच दिसते, तोंडबिंड काही धरत नाही. जंतू (बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) रक्तातून येऊन मांडी, कुल्हा, कमरेच्या आतला सोआस अशा मोठ्या स्नायूंत बसतात, बाहेर जखम असेलच असं नाही. सुरुवातीला नुसतं दुखणं, बारीक ताप आणि हाताला लाकडासारखा कडक लागणारा भाग, म्हणून लोक लचक भरली म्हणून मोकळे होतात, उजवा सोआस असला तर अपेंडिक्सचा संशय येतो. म्हणजे नावात पू आहे आणि पहिल्या टप्प्यात पू नाहीच! तो साधारण १० ते २१ दिवसांत होतो, तेव्हा ताप चढतो आणि सुई घातली तर पू येतो. तिसऱ्या टप्प्यात जंतुदोष अंगभर.

इथे मराठीचं 'पिकणं' क्रियापद फार चपखल बसतं, सुश्रुतही सुजेचे आम, पच्यमान, पक्व असे टप्पे करतो आणि कच्चं कापणारा आणि पिकलेलं तसंच सोडणारा या दोघांनाही झोडपतो. पण 'पिकू दे मग बघू' हा घरगुती सल्ला इथे चालवू नका, कच्च्या टप्प्यात लवकर कळलं तर नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागू शकतं, पिकल्यावर निचरा करावाच लागतो, आणि कुठला टप्पा आहे ते एमआरआयवर चांगलं कळतं, बोटाने दाबून नाही.

गँग्रीन म्हणजे कोथ, कुजणं, ऊती मरणं. स्नायूचा जो भयानक प्रकार आहे तो गॅस गँग्रीन, वायुकोथ म्हणा, क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचा. इथे गंमत उलटी आहे, पू जवळजवळ नसतोच, कारण या जंतूंची विषं पांढऱ्या पेशींना मारतात आणि उरलेल्यांना तिथे पोचू देत नाहीत, आणि पू म्हणजे मुख्यतः त्याच पेशींचा खच. पातळ, घाणेरड्या वासाचं पाणी, दाबलं की कातडीखाली करकर आणि दिसतंय त्याच्या मानाने भलत्याच वेदना. हे आठवड्यांचं नाही, तासांचं काम आहे, मेलेला स्नायू कापून काढावा लागतो. तेव्हा 'पू नाही म्हणजे बरं आहे' हे वाक्य इथे घातक. बातम्यांतला 'मांस खाणारा जंतू' आणखी तिसराच, तो बहुतेकदा स्नायूवरच्या आवरणाचा रोग असतो, आणि जंतू खातबित काही नाहीत, विषं सोडतात.

'सेप्टिक'ची तर आपण पार वाट लावलीय. बोलण्यात जखम चिघळली तरी सेप्टिक, डॉक्टरांच्या तोंडी सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेबंद प्रतिक्रियेमुळे अवयवच बिघडायला लागणं. स्नायूतल्या गळवाची ती शेवटची पायरी, सगळ्यांची होत नाही. बाकी गुंतागुंत म्हणजे शेजारच्या हाडात किंवा सांध्यात संसर्ग, हृदयाच्या झडपेला लागण, बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं, आणि स्नायू फार मेला तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून लघवी काळपट-तपकिरी होते आणि मूत्रपिंडं बसतात.

लिहिताना एक, सुटा शब्द 'स्नायू' दीर्घ, पण समासात आधी आला की ह्रस्व, म्हणून स्नायुशोथ, स्नायुदाह. आणि पू झाला, पस झाला, पण गळू झालं.