स्पिनोझा वाचल्यावर शब्बाथ कसा पाळायचा?

धर्मग्रंथांची तर्काने चिकित्सा करणारा तत्त्वज्ञ स्पिनोझा वाचल्यापासून शब्बाथचे, म्हणजे यहुदींच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावताना ढोंग केल्यासारखं वाटतं, तोरा हा यहुदी धर्मग्रंथ आणि तत्त्वज्ञ कांट यांचा मेळ बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं दुखणं नेमकं हेच होतं, म्हणून सविस्तर सांगते. मी रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नाही. हलाखाचा, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा, निर्णय माझ्याकडे मागू नका.

इकडे तोरातलं वचन, तिकडे तत्त्वज्ञाचं विधान, अशी जुळवाजुळव करू नका. स्पिनोझाचा १६७०च्या ग्रंथातला मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसवरचा आक्षेप हाच आहे: स्वतःच्या तर्काला पटेल तो अर्थ हा माणूस शास्त्रवचनातून ओढून काढतो. आक्षेप बराचसा रास्त आहे, पण मायमोनिडीस तेवढाच नाही. ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, पशुबळी ही त्या काळच्या लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती. आणि हाच मायमोनिडीस ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मनियमांच्या संहितेत बळींचे नियम बारीकसारीक तपशिलांसह मांडतो, मसीहा (यहुदींचा येणारा तारणहार) जेरुसलेमचं मंदिर बांधेल आणि बळी पुन्हा सुरू होतील असंही लिहितो. आज्ञेचं कारण इतिहासात सापडलं, तरी त्याच्या लेखी आज्ञा सुटत नाही. तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने. प्रबंधाच्या आराखड्यातलं हलाखाचं प्रकरणच काढायला लावलं. का, तर ‘हे कर्मकांड, तत्त्वज्ञान नव्हे’. मग उरलं काय? चमत्कार आणि भविष्यवाणी, म्हणजे जिथे स्पिनोझा सगळ्यात भक्कम आहे तेच मैदान. उमेदीची वर्षं त्यात गेली, आणि तो राग अजून आहे. अहो, रब्बी आणि तत्त्वज्ञ सोलोवेचिक यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली ती हर्मन कोहेन या कांटवादी तत्त्वज्ञावर, आणि १९४४च्या निबंधात हलाखालाच जग जाणण्याची रीत मानलं. त्यांचा हलाखानिष्ठ माणूस झरा पाहतो तेव्हा शुद्धिस्नानाचे नियम त्याच्या मनात आधीच तयार असतात, गणितज्ञाच्या मनात आकृती असावी तसे. हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे?

अठराव्या शतकातला यहुदी तत्त्वज्ञ मेंडेल्सोनही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. यहुदी धर्मात प्रकट झाले ते कायदे, सिद्धान्त नव्हेत, हे त्याचं १७८३चं म्हणणं. मला ते जरा फार सोयीचं वाटतं. श्रद्धेची तेरा तत्त्वं मायमोनिडीसनेच घालून दिली आहेत. विसाव्या शतकातले इस्रायली विचारवंत लायबोविट्झ यांचं मत कठोर आहे: मित्स्वा, म्हणजे धर्माज्ञा, पाळायची ती केवळ ईश्वराची सेवा म्हणून, त्यातून मनःशांती मिळो वा न मिळो. ढोंगाच्या भीतीवर मला यांचाच उपयोग झाला. तुम्हाला होईलच असं नाही.

‘मार्गदर्शक’ पहिल्या पानापासून वाचू नका. तिसऱ्या भागाच्या पंचविसाव्या प्रकरणापासून सुरू करा, आज्ञांच्या कारणांची चर्चा तिथून पुढे आहे. फ्रेंच यहुदी तत्त्वज्ञ लेव्हिनासची तालमूदवरची (रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथावरची) व्याख्यानं नंतर. आणि यावर प्रबंध करणार असाल, तर गाइड निवडण्याआधी हलाखाचं प्रकरण चालेल का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.