एनएफएल प्लेऑफ: आपला संघ बाहेर पडल्यावर कुणाची बाजू घ्यायची?

न्यूजर्सीत असताना तुम्हाला जायंट्सचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या संघाचा नाद लागला, आता मुक्काम पुण्यात, आणि जायंट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांत नाहीत. उरलेल्या 14 संघांतून कुणाला निवडायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी कुणाची बाजू घ्यायची नाही ते ठरवा. ईगल्स, काउबॉइज, कमांडर्स हे जायंट्सच्याच डिव्हिजनमधले (चार संघांच्या गटातले), दरवर्षी दोनदा समोर येणारे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्यात तर न्यूजर्सीची मंडळी पुढचा अख्खा हंगाम तुम्हाला सोडणार नाहीत.

मग ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा हिशोब बघा. हा बहुतेक जण विसरतात. आपल्या संघाकडे दुसऱ्या संघाचा ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला पिक (निवडीचा हक्क) असेल, तर तो संघ लवकर हरण्यातच आपला फायदा. क्रमांक जितका लहान तितकी निवड आधी: प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यांना 19 ते 24 क्रमांकाचे पिक, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्यांना 25 ते 28, आणि विजेत्याला 32वा. डेट्रॉइटने 2021 मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड हा आपला खेळाडू रॅम्स संघाला देऊन त्यांचे पुढचे दोन पहिल्या फेरीचे पिक घेतले. स्टॅफर्ड लाडका, म्हणून डेट्रॉइटकर रॅम्ससाठी ओरडले. रॅम्स सुपर बाउल (लीगचा अंतिम सामना) जिंकले आणि डेट्रॉइटच्या हाती आला 32वा पिक. पुढच्या वर्षी रॅम्स गडगडले, तेव्हा सहावा मिळाला.

यातून उरलेल्यांपैकी एक संघ एएफसीचा आणि एक एनएफसीचा घ्या, या लीगच्या दोन बाजू. दोन्ही एकाच बाजूचे घेतलेत तर त्यांची गाठ सुपर बाउलआधीच पडू शकते.

मानांकनाकडे दुर्लक्ष करू नका. प्रत्येक बाजूला सात संघ असतात आणि पहिल्या फेरीत विश्रांती फक्त अव्वल संघाला. बाकी लढती 2 विरुद्ध 7, 3 विरुद्ध 6, 4 विरुद्ध 5. पुढच्या फेरीत अव्वल संघासमोर उरलेल्यांतला सर्वांत खालचा येतो, त्यामुळे सगळी वाट आधी आखता येत नाही. पहिली चार मानांकनं डिव्हिजन विजेत्यांनाच मिळतात. म्हणूनच 2010 च्या हंगामात 7-9 (7 विजय, 9 पराभव) कामगिरीचा सिअ‍ॅटल घरच्या मैदानावर खेळला आणि 11-5 च्या न्यू ऑर्लिन्सला 41-36 ने घरी पाठवलं. खालून चढणारा संघ हवा असेल तर पाचवा-सहावा घ्या. 2007 चे जायंट्स पाचवेच होते आणि अंतिम सामन्यात तोवर अपराजित असलेल्या पेट्रिअट्सना 17-14 ने हरवून आले. सातवा घेणं म्हणजे हौस, त्याला सुपर बाउलआधी तीन सामने जिंकायचे आणि तिन्ही परक्या मैदानावर.

दोन संघ सारखेच वाटले तर माझं मत सरळ उपाशी संघाला. बफेलो 1991 ते 1994 सलग चार सुपर बाउल हरले. क्लीव्हलंड, डेट्रॉइट, जॅक्सनविल, ह्यूस्टन यांनी तर सुपर बाउलचं तोंडही पाहिलेलं नाही. सारखा जिंकणारा संघ उसना घेण्यात कसली आलीय गंमत!

आता पुण्याचं घड्याळ. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथला दुपारी 1 चा सामना इथे रात्री 11:30 ला, 4:30 चा पहाटे 3 ला, रात्री 8 चा सकाळी 6:30 ला. दोन संघांत अडलात तर ज्याचा सामना पहाटे 3 चा नाही तो घ्या. सुपर बाउल मात्र सोमवारी पहाटे 5 ला, त्या दिवशीची रजा आत्ताच टाकून ठेवा.