विचारा, सांगतो : रफ, टफ, मग डफ काहून नाही?

प्रश्न : नमस्कार सर, माही पोरगी सातवीत आहे, तिले मोबाइलवरच्या त्या पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायच्या खेळाचा भल्लाच नाद लागला. काल तिनं शेवटची चार अक्षरं बरोबर जमवली, ओ-यू-जी-एच, अन पहिलं अक्षर काही सापडेना, सहाही चान्स गेले. मंग मले विचारते, आई असे शब्द असतात तरी किती, अन रफ टफ म्हणतो तर डी लावल्यावर डफ काहून नाही म्हणत? मले काही सांगता आलं नाही जी.
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आधी पोरीला सांगा की तुझं काही चुकलं नाही, इथं भलेभले अडकतात. रोजच्या वापरातले असे पाच अक्षरांचे शब्द मोजून सहा आहेत. शेवटी ओ-यू-जी-एच येतं ते पाच, कॉफ म्हणजे खोकला, डो म्हणजे मळलेली कणिक, रफ, टफ आणि बाउ म्हणजे झाडाची जाड फांदी, अन हीच चार अक्षरं पुढं येऊन मागं टी लागतो तो सहावा, ऑट. मोठ्या डिक्शनरीत अजून दोनचार निघतात पण खेळात ते क्वचितच लागतात.

आता खेळाचं. तो खेळ वर्डल, जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं बनवलेला, 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. त्यात चार अक्षरं हिरवी झाली, म्हणजे आपापल्या जागी बरोबर बसली, की पोरं एकेक शब्द टाकत बसतात, रफ नाही तर टफ, टफ नाही तर कॉफ, अन चान्स संपतात. तसं न करता मधात एक चान्स मुद्दाम वेगळ्या शब्दावर घालवायचा, ए-सी-टी-ई-डी, ॲक्टेड. त्यात सी, टी आणि डी तिन्ही एकदम तपासून होतात. त्यातलं कोणतं पिवळं झालं, म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा दुसरी, तर उत्तर हातात आलं, एकही नाही झालं तर उरले फक्त रफ आणि बाउ. तिला आजच करून पाहायला सांगा.

उच्चाराची गोष्ट मात्र मोठी आहे आणि मला ती फार आवडते. हा जी-एच उगाच बसलेला नाही, हजारेक वर्षांपूर्वी तिथं खरंच एक आवाज होता, घशातून घासून निघणारा ख् सारखा. रात्रीला आज नाइट म्हणतात तेव्हा निख्त म्हणायचे, अन जर्मन लोक आजही नाख्त म्हणतात, आठला अख्त म्हणतात. आपल्याकडं चातुर्मासात आजी नक्त करते ना, दिवसभर उपाशी राहून रात्री एकदाच जेवते, तो नक्त शब्द आणि हा नाइट एकाच मुळातले, तसंच एट आणि आपला अष्ट. म्हणजे नक्तातला क् जिथं आहे तिथंच इंग्रजीचा जी-एच आहे.

पुढं फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकलं, लिहिणारे बदलले, आणि या आवाजासाठी हळूहळू जी-एच लिहायची पद्धत पडली. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, छापून छापून स्पेलिंग पक्कं होत गेलं, अन लोकांच्या तोंडातून तो ख् मात्र निघून गेला. काही शब्दांत पुरता गेला, डो, बाउ, ऑट, तर काहींत ओठावर येऊन फ झाला, कॉफ, रफ, टफ. आयर्लंडात तळ्याला एल लावून लॉख म्हणतात, तिथं तो जुना ख् अजून जिवंत आहे.

आपल्याकडंही हेच आहे की. वहीत डोळा लिहितो अन घरी डोया म्हणतो, केळी लिहितो अन केयी मागतो. लिहिणं एका जागी थांबतं, बोलणं पुढं जातं, पोरीला हे उदाहरण दिलं की लगेच समजेल, दुसरं काही सांगायची गरजच पडणार नाही.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीतली एक पोरगी फळ्यापुढं उभी राहून वाचत होती, रफ, टफ, अन मग ठासून डफ. वर्गात कोणी हसलं नाही कारण सगळ्यांनी तेच वाचलं असतं. त्या दिवशी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हे सहा शब्द लिहिले आणि पोरांना दोन ढिगात लावायला सांगितले, फ ऐकू येतो तो एक ढीग, जी-एच मुका आहे तो दुसरा. तीन इकडं तीन तिकडं. मग सहा अक्षरांवर गेलो, प्लाउ म्हणजे नांगर, तो बाउच्या जोडीला बसला, इनफ गेला रफ-टफकडं. अमेरिकेत नांगराचं स्पेलिंगच सोपं करून पी-एल-ओ-डब्ल्यू लिहितात हे कळल्यावर एका पोरानं विचारलं की मग आपण काहून नाही लिहायचं, आणि प्रश्न खरा होता. परीक्षेत मात्र जे पुस्तकात आहे तेच लिहायचं, हे सांगावं लागतं. कॉफला कफ म्हणू नका एवढं नक्की सांगा, औषधाच्या बाटलीमुळं ती सवय सगळ्यांनाच आहे, पण आपला कफ वेगळा, त्याचं याच्याशी नातं नाही.

प्रश्न : सर, नाइफ, नॉक, नील (गुडघे टेकणं) या पाच अक्षरांच्या शब्दांत पुढचा के कशाले ठेवला?
– दहावीचा विद्यार्थी, मेहकर

उत्तर : तोही एकेकाळी बोलायचे बाळा, क्नाइफ असाच काहीसा. गुडघ्याला इंग्रजीत नी म्हणतात, जर्मन अजून क्नी म्हणतात, अन संस्कृतात तोच शब्द जानु. आजानुबाहू ऐकलंय ना, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. त्यातला जानु आणि तुझ्या पुस्तकातला नी, दोन्ही एकच.