सडात तेल सोडण्याआधी

गाईला कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) झाला की अँटिबायोटिकाच्या जोडीला सडात, म्हणजे आचळात, ओव्याचं तेल सोडावं असं काही जण सुचवतात. या तेलातलं थायमॉल हे द्रव्य जंतूचं आवरण सैल करतं आणि काही अँटिबायोटिकांना आत शिरायला वाट मिळते, हे खरं. पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत! कासेत दूध असतं. त्यातली स्निग्धता नि प्रथिनं तेलाला धरून ठेवतात, जोर ओसरतो. त्यामुळे घरचं तेल सडात सोडायचं नावही काढू नका. आतलं नाजूक अस्तर पोळतं, वर तेल सोडायच्या नळीतून नवे जंतू जातात ते वेगळेच.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढा. दुधात गाठी दिसल्या की औषधाआधी दुधाचा नमुना तपासणीला पाठवा, कोणतं अँटिबायोटिक चालेल ते त्यातूनच कळतं. गाय बरी दिसली तरी कोर्स पुरा करा. औषधाचा वर्ज्य काळ (औषधाचा अंश दुधात उतरतो ते दिवस) संपेपर्यंत दूध विकू नका. तेल जोडीला दिलं म्हणून तो काळ एका दिवसानंही घटत नाही.