लिग्रोइन, बेंझिन, बेंझीन: वाचकांचे प्रश्न

खनिज तेलातून मिळणाऱ्या एका द्रावकाचं नाव असलेला ‘लिग्रोइन’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गेला, पण जुन्या प्रयोगपुस्तिकांत आणि बाटल्यांवर अजून भेटतो. त्याच्याबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देते.

जुन्या पुस्तिकेत ‘लिग्रोइनमधून पुनर्स्फटिकीकरण करावे’ असं लिहिलंय. याचं रेणुसूत्र कुठेच सापडत नाही.

सापडणार नाही. ते एक संयुग नाही, मिश्रण आहे. खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात साधारण ९० ते १४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघणारा हा भाग. त्यात मुख्यतः सात-आठ कार्बनांची हायड्रोकार्बनं असतात. आता त्याच्या जागी बरेच जण हेप्टेन घेतात, कारण ते ९८ अंशांना उकळतं आणि एकच संयुग असल्यामुळे दर वेळी सारखं वागतं. मात्र सगळे लेखक लिग्रोइनची तापमानाची मर्यादा एकच धरत नाहीत. तुमच्या पुस्तिकेत कोणती दिली आहे ते बघा आणि द्रावक बदलण्याआधी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारा.

पेट्रोलियम ईथर हे ईथर असतं का?

नाही. तेही लिग्रोइनसारखं खनिज तेलातल्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण. ईथर म्हणवून घ्यायला लागणारा ऑक्सिजनच त्यात नाही.

ॲसिटिलीनच्या शेवटी ‘ईन’ येतं, मग त्यात तिहेरी बंध कसा?

नाव आधी पडलं; ‘ईन’ दुहेरी बंधाला आणि ‘आइन’ तिहेरीला, हे नामकरणाचे नियम जिनिव्हात १८९२ साली ठरले. परीक्षेत इथाइन लिहा.

डाग काढायच्या द्रवाच्या बाटलीवर ‘बेंझिन’ लिहिलंय. बेंझिन म्हणजे लिग्रोइनच, असं वाचलं. म्हणजे धोका नाही ना? कारखान्यातले जुने लोक तर यानं हात धुवायचे म्हणे.

हा प्रश्न आला की माझं डोकं उठतं, तेव्हा जरा सविस्तर ऐका. सहा कार्बन आणि सहा हायड्रोजनांचं वलय असलेलं संयुग म्हणजे बेंझीन. बेंझिन म्हणजे पेट्रोलियमचा हलका भाग, लिग्रोइनचा भाऊबंद. देवनागरीत दोघांत फरक फक्त वेलांटीचा, आणि लेबल छापणारे वेलांटी पाळतील या भरवशावर कुणी आपलं रक्त पणाला लावू नये. त्यातून इतिहासही गोंधळाचा. फॅरडेनं १८२५ मध्ये बेंझीन वेगळं केलं. पुढे जर्मन रसायनज्ञ मिट्शरलिखनं बेंझोइक आम्लापासून ते मिळवलं आणि नाव दिलं चक्क ‘बेंझिन’. नंतर बाजारानं तेच नाव पेट्रोलियमच्या भागाला चिकटवलं. जर्मनीत तर आज ते पेट्रोलचं नाव आहे.

जुने लोक हात धुवायचे, हे खरं. पुढे त्यांचं काय झालं ते सांगणारा कुणी भेटत नाही. इस्तंबूलमध्ये बेंझीन असलेला डिंक वापरून पादत्राणं बनवणाऱ्या कामगारांत ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आढळले, ते १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालं. बेंझीन अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होतं तिथेच घाव घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ठेवलंय. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत एक भाग आहे. ‘वास घेऊन ओळखतो’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, नाकाला कळेपर्यंत ही मर्यादा बहुधा मागे पडलेली असते.

आणि समजा, बाटलीत खरोखर पेट्रोलियमचंच बेंझिन निघालं, तरी सुटका नाही. त्यात हेक्झेन असू शकतं, आणि ते दीर्घकाळ हुंगलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनंही पेट घेते.

‘बेंझिनमुक्त’ असं ठसठशीत छापणाऱ्यांना एकच विचारा: कोणत्या बेंझिनपासून मुक्त? बाटलीवर सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक शोधा. बेंझीनचा ७१-४३-२ आहे. त्याला वेलांटी नसते. तो छापलेला नाही म्हणून आत बेंझीन नाही, असं मात्र समजू नका. विक्रेत्याकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. टाळाटाळ झाली तर बाटली घेऊच नका. कामावर अशा द्रवाशी रोजचा संबंध असेल, तर व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. अहवालाचा अर्थही त्यांनाच लावू द्या.

औषधाचं लिक्विड पॅराफिन आणि इंधनाचं पॅराफिन एकच का?

नाही. ब्रिटनमध्ये पॅराफिन म्हणजे रॉकेल. औषधातलं पॅराफिन हे शुद्ध केलेलं जड तेल, आणि तेसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

मुलानं थिनरचा घोट घेतला, ठसका लागला, आता खेळतोय. ओकारी काढावी की दूध पाजावं?

दोन्ही नाही. आणि हे लिहून विचारण्यात वेळ घालवू नका, आधी रुग्णालय गाठा. असे पातळ द्रव पोटापेक्षा फुप्फुसांत जास्त घात करतात. ओकारी काढली की वर येताना पुन्हा श्वासनलिकेत उतरण्याची भीती. ठसका लागला म्हणजे थोडं आत गेलेलंही असू शकतं. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो, म्हणून ‘खेळतोय, सकाळी बघू’ हे चालणार नाही. बाटली सोबत न्या, लेबल फाटलेलं असलं तरी.